आजोबा सिंगापूरला युद्धकैदी होते? त्यांची नोंद अशी शोधा

बहुतेक घरांत एवढंच ठाऊक असतं, की आजोबा दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला पकडले गेले आणि लढाई संपल्यावर परतले. मधल्या काळात ते आझाद हिंद सेनेत होते का, हे ऐकीव गोष्टींवर ठरवू नका.

आधी घरची ट्रंक उपसा. पेबुक (सैनिकाची पगाराची वही) किंवा डिस्चार्जच्या कागदावरून सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, गाव आणि तालुका उतरवून घ्या. क्रमांक सगळ्यात मोलाचा, कारण पांडुरंग शिंदे नावाचे अनेक जवान सापडतात. कागद नसेल तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे. आजोबांनी स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी अर्ज केला असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या फाइलीची प्रत माहिती अधिकारात मागा. मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळा. 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या सूची चाळता येते. शोधताना इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा. आझाद हिंद सरकारातले जगन्नाथराव भोसले इंग्रजी कागदांत 'भोन्सले' म्हणूनही येतात.

खरी चूक होते ती शेऱ्यांवरून. परतलेल्या कैद्यांची ब्रिटिश गुप्तहेर खात्याने चौकशी करून व्हाइट, ग्रे आणि ब्लॅक अशी वर्गवारी केली. व्हाइट म्हणजे निष्ठावान, ग्रे म्हणजे दबावाने किंवा बहकून गेलेले, ब्लॅक म्हणजे मनापासून आझाद हिंद सेनेत असलेले. ब्लॅक ठरलेल्यांना बडतर्फ केलं. हा शेरा चौकशी करणाऱ्याचं मत आहे, आजोबांचा कबुलीजबाब नव्हे. नोकरी आणि पेन्शन पणाला लागलेला माणूस चौकशीत काय सांगेल, हे ध्यानात ठेवूनच तो वाचा.

त्यासाठी तारखा ताडून पाहा. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि १७ तारखेला फॅरर पार्कवर हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली झाले. कॅप्टन मोहनसिंगांची पहिली सेना डिसेंबर १९४२ मध्ये मोडली. त्यातले बरेच जण पुन्हा कैदी झाले आणि जुलै १९४३ नंतर सुभाषबाबूंच्या सेनेत गेलेच नाहीत. म्हणून 'सेनेत होते' एवढं पुरत नाही, कोणत्या सेनेत आणि कधीपर्यंत हे शोधा. जे सामील झाले नाहीत त्यांतल्या अनेकांना न्यू गिनीकडे मजुरीला नेलं, आणि तिथे उपासमारीने व रोगांनी फार माणसं गेली. आजोबांचे भाऊबंद परतलेच नसतील, तर युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीतही नाव पाहा. क्रांजीच्या सिंगापूर स्मारकावर अशा अनेकांची नावं कोरली आहेत.

आजोबा उत्तर आफ्रिकेत पकडले गेले असतील, तर हा सगळा माग चुकीचा आहे. त्यांच्यासाठी जर्मनीतली आनाबुर्ग छावणी आणि तिथून उभारलेली हिंदी लीजन, म्हणजे जर्मन सैन्यातली हिंदी सैनिकांची ९५० वी रेजिमेंट, यांचे कागद पाहा.