पोराला क्वेकर बोर्डिंगला पाठवताय? मग आधी गप्प बसायची प्रॅक्टिस करून घ्या

"क्वेकर म्हणजे ते ओट्सवाले का ओ?" हे मला सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानदारापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून तेच आधी सांगते. ओट्सच्या कंपनीने नुसतं नाव उचललंय, बाकी काही संबंध नाही. क्वेकर हा ख्रिश्चनांमधला पंथ, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्समुळे सुरू झालेला, युद्धाच्या विरोधात, साधं राहणारा. त्यांच्या शाळा लई जुन्या, यॉर्कशायरमधली ॲकवर्थ १७७९ ची, यॉर्कची बूथम १८२३ ची, आणि पुढे जिने किटकॅट काढलं ती राउनट्री कंपनी मोठी करणारे जोसेफ राउनट्री हे बूथमचेच विद्यार्थी. आता तिथे शिकणारी बहुतेक मुलं क्वेकर नसतात, त्यामुळे पोराचा धर्म बदलतील वगैरे जे नातेवाईक सांगतात ते सोडून द्या.

आमचा पोरगा बारा वर्षांचा असताना गेला. आमचा टॉवेलचा धंदा, दीर तिकडेच राहतात, म्हणून हिंमत केली. फीचं मी बोलत नाही, फक्त जानेवारी २०२५ पासून तिकडच्या खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, तो धरून हिशोब करा.

लोक थंडीची, जेवणाची तयारी करतात. खरी तयारी शांत बसायची करायला पाहिजे. या शाळांत असेंब्लीत शांतता, बऱ्याच ठिकाणी जेवणाआधी शांतता, आणि त्यांची प्रार्थना, तिला मीटिंग म्हणतात, त्यात तर सगळे नुसते बसलेले. पुढे कोणी पाद्री नाही, भजन नाही, मूर्ती नाही. कुणाला आतून वाटलं तर तो उभा राहून दोन वाक्यं बोलतो, मग बसतो, त्याला कोणी उत्तर देत नाही, टाळ्या नाहीत, परत शांतता. संपलं हे कसं कळतं तर दोन जण हात मिळवतात, की झालं. आपल्या पोरांना गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटते, त्यामुळे तिथे पहिले काही दिवस ती घाबरतात की आपलं काय चुकलं.

आम्ही जाण्याआधी दोन महिने घरी सुरू केलं. आपल्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणतात ना, त्याच जागी ताट वाढून दोन मिनिटं गप्प. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात खुदकन हसला, मग मी हसले, मग ह्यांनी "भाकरी गार होतेय" म्हणून सुरुवातच केली. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट चालू, त्यामुळे शांतता म्हणजे काय हे आम्हालाच माहीत नव्हतं. दोनेक आठवड्यांनी एकदा मधेच डोळे उघडून म्हणाला, मम्मी, एक माग बंद पडला बघ. आणि खरंच पडला होता, मला कळलंच नव्हतं. तेव्हा वाटलं जमेल याला. दोनाची पाच मिनिटं करा, दहापर्यंत न्या, पण मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, नाहीतर उपयोग नाही.

दुसरी अडचण हाक मारायची. काही क्वेकर शाळांत शिक्षकांना सरळ नावाने हाक मारतात, सर नाही मॅडम नाही. कारण जुनं आहे. त्या काळी इंग्लिशमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं, आणि हे लोक सरदारालाही तू म्हणायचे, टोपीसुद्धा काढायचे नाहीत, सगळी माणसं सारखी म्हणून. आता सोलापूरचं पोरगं, मित्राला का बे आणि शिक्षकाला सरच, त्याच्या तोंडून नाव निघेना. महिनाभर तो शिक्षकाच्या समोर जाऊन उभा राहायचा, ते बघेपर्यंत, पण हाक मारायचा नाही! ही भीड घरीच मोडा, दिराशी व्हिडिओ कॉलवर इंग्लिशमध्ये नाव घेऊन बोलायला लावा, दिराला वाईट वाटलं तर वाटू दे.

बाकी दिवस बोर्डिंगचाच. सकाळी उठून पांघरूण घडी, नाश्ता, तास, दुपारनंतर खेळ चिखलात, संध्याकाळी अभ्यासाचा ठरलेला वेळ ज्याला तिकडे प्रेप म्हणतात, लहान मुलांचे फोन बहुतेक ठिकाणी रात्री जमा.

सामानाचं सांगते, इथे मी चुकले. दोन किलो शेंगा चटणी दिली होती, आणि हाऊसमधल्या, म्हणजे मुलं राहतात तिथल्या, बाईंनी पहिल्याच दिवशी उचलून ठेवली, कारण बऱ्याच शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाण्याला बंदी असते. चूक त्यांची नाही, नियम मेलमध्ये होता, मीच वाचला नव्हता. जवस किंवा कारळ्याची चटणी चालेल का ते आधी विचारा. पेढे, खवा तर नेऊच नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला ब्रिटनमध्ये मनाई आहे. प्रत्येक कपड्याला, मोज्यालासुद्धा, नावाची पट्टी शिवून द्या, शिंप्याला एकदम सगळं द्या, स्वस्तात होतं. सोलापुरी चादर एक द्या, जड आहे पण दिलीच पाहिजे. आणि टर्मच्या मधे आठवडाभर सुट्टी असते तेव्हा बोर्डिंग बंदही असतं, त्यामुळे तिकडे राहणारा गार्डियन, म्हणजे आपल्या जागी पोराला सांभाळणारा माणूस, पक्का केल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिसासाठी टीबीची टेस्ट लागते, ती वेळेत.

फोनची वेळ ठरवताना लक्षात ठेवा, उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात की साडेपाच. मी त्या रविवारी तासभर फोन घेऊन बसले होते.

नाताळची सुट्टी जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, गड्ड्याच्या यात्रेच्या, आधीच पोरगं परत. हे त्याला तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर नको. यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम लाईव्ह दाखवायला गेले तर तिकडे दुपार, तो वर्गात. आता मी नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचा, आणि दारूकामाचा व्हिडिओ काढून ठेवते, शनिवारी फोन मिळाला की बघतो, आणि दरवेळी विचारतो जत्रेतला पाळणा मोठा आलाय का यंदा.