धारणीहून परतवाडा: पिकअपमागे जुनी अॅम्बेसेडर आणायची तयारी

जुनी अॅम्बेसेडर सापडते ती धारणी-हरिसालकडे, कुणाच्या तरी गोठ्याशेजारच्या टिनाखाली. तिला उभं करणारा मिस्त्री असतो परतवाड्यात नाहीतर अमरावतीत. मधे मेळघाट. सौदा झाला की पहिला प्रश्न ठरलेला: आपली पिकअप ओढेल का? ओढेल. आजची कुठलीही डिझेल पिकअप, बोलेरो असो, योद्धा असो की डी-मॅक्स, एवढं वजन घाट चढवून नेते, थोडी कुरकुरत का होईना. पण घटांग मागे पडल्यावर बिहालीकडे उतरताना तेच वजन मागून ढकलायला लागतं. तयारी करायची ती त्या उताराची.

वजनाचा हिशोब कागदावर मांडा. अॅम्बेसेडर साधारण ११५० किलो, दोन धुऱ्यांची कार-ट्रॉली साडेसहाशेच्या आसपास, रिकामी पिकअप १९०० धरा. सगळं मिळून ३७०० किलो. एवढं वजन १०० मीटर खाली आलं की सुमारे एक युनिट विजेएवढी ऊर्जा मोकळी होते, म्हणजे हजार वॅटची शेगडी तासभर पेटती ठेवावी तेवढी. घाट काही शंभर मीटरवर संपत नाही. ही सगळी उष्णता कुठेतरी जाणार; इंजिनाने नाही घेतली तर ब्रेकचे ड्रम आणि लायनर घेणार. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर विषयच संपला. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट-३ दर्जाचं तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. डॉट-४चे आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की पेडल मऊ पडून तळाला जातं, आणि तेही नेमकं वळणावर. म्हणून निघण्याआधी पिकअपचं ब्रेक ऑइल पूर्ण बदलून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. खर्च किरकोळ आहे, चालढकल करू नका.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच. परदेशात डी-मॅक्सच्या माहितीपत्रकात ३५०० किलोची ट्रॉली ओढता येते असं छापतात, पण ते ब्रेकवाल्या ट्रॉलीसाठी. बिनब्रेकच्या ट्रॉलीला तीच कंपनी ७५० किलोवर थांबते. साडेतीन टनाचा आकडा इथे तसाच लावू नका. आपल्या गाडीच्या पुस्तकात जो असेल तो खरा. पण ब्रेक असण्या-नसण्याने पडणारा फरक मात्र ध्यानात ठेवा. गावातली ट्रॅक्टरची ट्रॉली फुकट मिळते म्हणून तिच्यावर गाडी चढवणारे लोक आहेत. तिचा जोडायचा आकडा (हुक) पिकअपच्या मापाचा नसतो, ब्रेक बहुधा नसतातच आणि पाटे टणक असल्याने वरची गाडी सुटेपर्यंत उडते. आमच्याकडच्या एका मिस्त्रीला कुणी असं विचारलं की तो एवढंच म्हणतो, "ट्रॉलीले ब्रेक आहे काय? नाही? मंग कायले विचारता बाप्पा!"

भाड्याच्या कार-ट्रॉलीला बहुतेक वेळा ढकलीवर लागणारे ब्रेक असतात. पिकअप हळू झाली की ट्रॉली पुढे येते, आकड्याचा दांडा आत दबतो आणि ट्रॉलीचे ब्रेक लागतात. सोय चांगली आहे, पण दोन गोष्टी बघा. लांब उतारावर दांडा सतत दबलेला राहतो, म्हणून ट्रॉलीचे ड्रम पिकअपच्या आधी तापतात. आणि मागे घेताना काही जुन्या ट्रॉल्यांचे ब्रेक आपोआप लागतात. ते अडवायची खिट्टी कुठे आहे हे ताबा घेतानाच विचारा. वळणावर ट्रक समोर येऊन थांबल्यावर ती शोधत बसू नका. आकड्याखालून दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून न्या, म्हणजे आकडा सुटला तरी दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांवर झेलला जातो. ट्रॉलीची वेगळी नोंदणी असते. तिचे कागद पिकअपच्या कागदांसोबत हवेत, अॅम्बेसेडरचं आरसी बुक आणि विक्रीचा कागदही. चेसिस नंबरवर खडू घासून त्याचा फोटो काढून ठेवा, नाक्यावर कुणी विचारलं तर बॉनेट उघडत बसावं लागत नाही.

दोरीच्या टोचनचा विचार घाटासाठी मनातून काढून टाका. सपाटीवर गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर ठीक. त्यालाही नियम आहेत: दोन गाड्यांमधे ५ मीटरहून जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मागच्या गाडीत स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस. उतारावर मात्र दोरी सैल पडते आणि मागची गाडी पुढच्या गाडीच्या अंगावर येते. तिचे ब्रेक दहा वर्षं कुणी दाबलेलेही नसतात.

पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ठेवायची वेळ आलीच, तर एक काम चुकवू नका. अॅम्बेसेडर मागच्या चाकांवर चालते, म्हणून चाकं फिरली की गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सचं मागचं टोकही. इंजिन बंद असल्याने आतलं तेल मात्र उडत नाही, आणि बेअरिंग कोरडं घासतं. न्यूट्रलमधे टाकून हे टळत नाही. शाफ्ट काढा. डिफरन्शियलच्या फ्लँजवर आधी रंगाची एक रेघ मारा म्हणजे बसवताना जागा बदलणार नाही. मग मागचे नट सोडा आणि पुढचं टोक गिअरबॉक्समधून ओढा. तिथून तेल गळायला लागेल. जाड प्लॅस्टिकची पिशवी त्या तोंडावर चढवून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. क्लॅम्पपेक्षा ही पट्टी बरी.

आता गाडीकडे. ही १९५७ ते २०१४ अशी उत्तरपाड्याहून निघालेली गाडी. तुमची कोणत्या सालची ते कळलं तर पुढे सामान शोधायला सोपं जातं. हात घालायच्या आधी काठीने सीटखाली, डिकीत आणि बॉनेटखाली ठोका. गांधीलमाश्या, उंदीर आणि उंदरांमागे येणारा पाहुणा, तिन्ही शक्य आहेत. बॅटरी काढा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. टायर हवा धरतात का ते आदल्या दिवशी बघा, कारण गाडी ट्रॉलीवर चढवण्यापुरतं तरी ते टिकायला हवेत. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. लाकडी हातोड्याने ड्रमच्या कडेवर गोल फिरत ठोका, अॅडजस्टर सैल करा. पहारीने ओढाताण केली तर ड्रम फुटतो. हबकॅप, वायपर, सुटू पाहणाऱ्या पट्ट्या काढून पोत्यात भरा आणि पोतं पिकअपच्या केबिनमधे ठेवा, हौद्यात नको. बॉनेटचं कुलूप कितीही चांगलं वाटलं तरी वरून पट्टा बांधा.

गाडी ट्रॉलीवर तोंड पुढे करून चढवा, इंजिनाचं वजन आकड्याकडे येईल असं. आकड्यावर ट्रॉली आणि गाडीच्या मिळून वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. आपल्या हिशोबात १८० ते २७० किलो. कमी पडला तर ट्रॉली वेगात शेपूट हलवायला लागते, जास्त झाला तर पिकअपचं तोंड वर उचललं जाऊन स्टिअरिंग हलकं पडतं. अंदाजाने ठरवू नका. वजनकाट्यावर आधी पिकअप एकटी तोला. मग ट्रॉली जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर ठेवा आणि ट्रॉलीची बाहेर. दोन वजनांतला फरक म्हणजे आकड्यावरचा भार. कमी-जास्त असेल तर अॅम्बेसेडर वीतभर पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा तोला. काटेवाला वैतागेल, त्याला चहा पाजा.

बांधायला रॅचेटचे चार रुंद पट्टे, सुती दोर अजिबात नको. पट्टे चाकांवरून घेतलेले सगळ्यांत बरे. बॉडी धरून बांधलं की स्प्रिंग दबल्यावर पट्टा सैल होतो. चाकांवरून जमत नसेल तर मागचा एक्सल धरा, पण एक्सलवरून जाणारी ब्रेकची बारीक नळी पट्ट्याखाली चेपणार नाही हे वाकून, टॉर्च मारून बघा. बंपरला तर हातच लावू नका, गंजलेल्या गाडीत तो शोभेपुरता उरलेला असतो. चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे ठोका. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा, तेव्हाच चाकांचे नटही बघा.

पिकअपचं बाकी काम नेहमीचं: इंजिन ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट, फुल लोडला सांगितलेली टायरची हवा आणि दिव्यांचं कनेक्शन. एक खास आपल्या भागातलं आहे. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि तुरीचं भुसकट बसून नमदा तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आतून हवा जात नाही. मागच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारा. चढावर तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद, आणि तरी थांबला नाही तर गाडी बाजूला.

दिवस निवडताना पावसाळा सोडा, मे सोडा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बरं. मार्च-एप्रिलमधे पहाटे मोहफुलं वेचणारी माणसं रस्त्याच्या कडेला वाकलेली असतात, तेव्हा उजाडेस्तोवर निघू नका. शनिवार-रविवारी चिखलदऱ्याची गर्दी घटांगला येऊन मिळते. रात्री जाऊच नका: रस्त्यावर रानगवा उभा असेल तर ३७०० किलो झटक्यात थांबत नाहीत, आणि जंगलातल्या रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीबाबत काय चालू आहे ते वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून घ्या. डिझेल धारणीतच भरा. मोबाइलची रेंज मधे बराच वेळ नसते, म्हणून कुठे थांबणार आणि किती वाजेपर्यंत पोचणार हे घरी सांगून निघा. सोबत एक माणूस हवाच. तीव्र वळणावर ट्रॉली आतला कोपरा कापते, तिथे त्याने खाली उतरून मागचं चाक बघायचं.

सेमाडोहला सिपना नदीजवळ पहिला मोठा थांबा घ्या, पुढे चढ आहे. चढ ज्या गिअरमधे चढलात त्याच्यापेक्षा एक खालच्या गिअरमधे उतरा, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. फोर बाय फोर असेल तर लो रेंज वापरायची हीच जागा, पण रस्ता कोरडा डांबरी असेल आणि तुमच्या गाडीत फक्त मागच्या चाकांची लो रेंज नसेल, तर वळणावर गिअरबॉक्सवर ताण येतो. तेव्हा साधा पहिला-दुसराच बरा. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून वेग पुरता खाली आणा आणि पाय काढा. हलका पाय ठेवून लोंबकळत येऊ नका. मागे गाड्यांची रांग लागली तर सपाट जागा बघून त्यांना जाऊ द्या. ब्रेकचा जळका वास आला तर थांबा, गाडी गिअरमधे ठेवून ठोकळे लावा आणि अर्धा तास बसा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

परतवाड्याला पोचल्यावर सगळे घाईत असतात, मिस्त्रीचं दुकान बंद व्हायची वेळ झालेली असते. तरी ट्रॉली पिकअपला जोडलेली असतानाच अॅम्बेसेडर उतरवा. आधी आकडा सोडला तर गाडी मागे सरकताच ट्रॉलीचं तोंड वर उडतं. पुढचे पट्टे शेवटी सोडा, आणि त्याआधी स्टिअरिंगवर एक माणूस बसवून खाली दोघांच्या हातात ठोकळे द्या.