फ्रेंच वाइन शिकायचीय? आधी एक घराणं धरा

नाशिककडच्या वायनऱ्यांत टेस्टिंग रूमला लागलेली पोरं डब्ल्यूएसईटी या वाइन-शिक्षण संस्थेच्या लेव्हल थ्री परीक्षेचा अभ्यास सुरू करतात आणि फ्रान्सपाशी अडकतात. गावं शेकड्यांनी, प्रत्येकाचे नियम निराळे. माझा सल्ला ठरलेला आहे: नकाशा बाजूला ठेवा, एक घराणं निवडा आणि त्याचा माग काढत जा.

मी फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या आल्झास प्रांतातल्या रिकवीर गावचं ह्यूगेल घराणं निवडलं होतं. कारण अगदी व्यवहारी. आल्झासच्या उंच, निमुळत्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव छापलेलं असतं. बाकीच्या फ्रान्सचं लेबल वाचताना नवख्याची जी त्रेधा उडते, ती इथे कमी उडते.

हान्स उलरिच ह्यूगेल १६३९ मध्ये रिकवीरच्या द्राक्ष बागाईतदारांच्या संघात दाखल झाला. तेव्हापासून वाइन याच कुटुंबाकडे आहे. तळघरातलं १७१५ सालचं लाकडी पीप आजही वापरात आहे. पण पिपापेक्षा सीमारेषेकडे लक्ष द्या. १८७१ मध्ये आल्झास जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि युद्ध संपता संपता परत फ्रान्सकडे. बाग तिथेच, देश बदलत राहिला. फ्रान्समध्ये असून रीसलिंग आणि गेवुर्झट्रामिनर ही जर्मन वळणाची द्राक्षं का, आणि आल्झासला एओसी, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या नावाने वाइन विकण्याचा कायदेशीर, दर्जा मिळायला १९६२ का उजाडलं, हे या इतिहासातून उलगडतं.

आता या घराण्यातला माझा आवडता माणूस: जाँ ह्यूगेल. उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाइनला कायद्याची चौकट मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला आणि १९८४ मध्ये नियम आले. व्हाँदांज तार्दीव म्हणजे उशिराची तोडणी. सेलेक्सिओं द ग्रँ नोब्ल म्हणजे नोबल रॉट बुरशीने सुकवलेले मणी निवडून केलेली वाइन. परवानगी चारच जातींना: रीसलिंग, गेवुर्झट्रामिनर, पिनो ग्री, मस्का. तोडणी हातानेच, रसात वरून साखर घालायची नाही, आणि बेत अधिकाऱ्यांना आधी कळवायचा. उशीर परवडतो तो व्होज डोंगरांमुळे. पश्चिमेचा पाऊस ते अडवतात, म्हणून कोलमारच्या आसपास शरद ऋतू कोरडा जातो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात, तेव्हा ऊन चढत असतं. तिथे थंडी वाढत असते. म्हणून घड वेलीवर राहूनही आंबटपणा टिकतो. लेखी पेपरात नेमकं हेच ‘का’ विचारतात, आणि गुण तिथेच जातात.

चाखायला सुरुवात ह्यूगेलच्या ‘क्लासिक’ रीसलिंगपासून करा. ही बहुतेक कराराने घेतलेल्या द्राक्षांची. नाशिकच्या वायनऱ्या शेतकऱ्यांशी करार करतात तसंच. मग घरच्या बागेतल्या द्राक्षांची ‘एस्टेट’, शेजारी ठेवूनच. परदेशातून येणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला बाटली सांगा, किंवा चौघांनी मिळून घ्या. वरची ‘शोलहॅमर’ खिशाबाहेरची आहे, पण तिची गोष्ट माहीत हवी: शोनेनबूर्ग उतारावरच्या एका छोट्या तुकड्यातली रीसलिंग, पहिला हंगाम २००७ चा, बाजारात आली २०१५ मध्ये. शोनेनबूर्ग हा ग्रां क्रू, म्हणजे कायद्याने सर्वोत्तम ठरवलेल्या बागांपैकी एक, उतार. तरी ह्यूगेल मंडळींनी ‘ग्रां क्रू’ हे शब्द लेबलवर कित्येक वर्षं येऊ दिले नाहीत, कारण त्यांच्या मते या ग्रां क्रू बागांच्या सीमा फारच सैल आखल्या होत्या. मला तरी हा हट्ट पटतो.

एवढं झालं की शेजारच्या रिबोविले गावात जा, म्हणजे पुस्तकातच. तिथलं त्रिंबाक घराणं १६२६ पासूनचं. त्यांची ‘क्लो सँत ह्यून’ रोझाकर या ग्रां क्रू उतारावरची, आणि लेबलवर तो शब्द त्यांनीही टाळला. दोघांची कारणं एका पानावर लिहून काढा, आल्झासचा ग्रां क्रू वाद तुमच्या हाती येईल.