सात नोव्हेंबरचा तास: हार-फोटो झाल्यानंतर काय करायचं

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्यात शाळाप्रवेश घेतला, म्हणून आपल्याकडे हा विद्यार्थी दिवस. फोटो, हार, दोन भाषणं. ते दहा मिनिटांत उरकायचं. खरा तास त्यानंतरचा. मी सातवीला सातारा जिल्ह्यातल्याच एका खेड्यात शिकवते, तेव्हा जे जमलं आणि जे अंगाशी आलं ते दोन्ही सांगते.

तयारी आठवडाभर आधी, आणि ती मुलांची नव्हे, आपली. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की ‘एस.सी.च्या मुलांनी उभं राहा’ असं वर्गात म्हणायची सवय मलाही होती. एकदा एक मुलगी उभीच राहिली नाही, फॉर्म चुकला आणि आई भांडायला आली. तेव्हापासून यादी माझ्या पर्समध्ये असते आणि पालकांना एकेकट्याला निरोप जातो. जनरल रजिस्टरमधला जातीचा रकाना वर्गात मोठ्यानं वाचायचा नसतो. दुसरं, आपली जीभ. ‘चांभारचौकशा’, ‘पारध्यागत अवतार’ हे आपण स्टाफरूममध्ये किती वेळा म्हणतो, ते दोन दिवस मोजा. मी मोजलं. आकडा सांगत नाही.

आता तास. भाषणानं सुरुवात करू नका. फळ्यावर नकाशा काढा: सातारा, मसूर स्टेशन, खटाव. १९०१ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तळ्याच्या कामावर खजिनदार होते. नवे कपडे, नव्या टोप्या, बरोबर खायचं. मसूरला उतरले तर न्यायला कोणीच नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय, तेच वाचून दाखवायचं. आमच्या पोरांना मसूरची गाडी माहीत आहे, त्यामुळं इथपर्यंत वर्ग आपोआप गप्प होतो.

स्टेशन मास्तर विचारतो, तुम्ही कोण? इथं वाचन थांबवायचं. वहीत लिहायला लावायचं: उत्तर ऐकून मास्तर काय करेल? बहुतेक जण ‘पाणी देईल’ लिहितात. मग पुढचं वाचा. ‘महार’ ऐकताच तो मागं सरतो. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेऊन जायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर ठरतं: बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान शेजारून चालणार. डबे भरलेले, पण पाणी कुठंच मिळत नाही, म्हणून रात्री मुलं उपाशीच झोपतात. एवढं वाचून झालं की काही बोलू नका. मी बोलायचे. आता खिडकी उघडायला जाते.

या प्रसंगाचं नाटक मात्र बसवू नका. मी बसवलं होतं. ‘पाणी न मिळणारा मुलगा कोण होणार?’ म्हटल्याबरोबर वर्गातली निम्मी बोटं एकाच मुलाकडं गेली. ‘बाई, त्याला जमंल.’ तो हसला आणि पुढं आला. मी नाटक थांबवलं, कवायत घेतली, आणि घरी जाऊन जेवले नाही. ज्यांच्यावर हे बेतलंय त्यांनाच पुन्हा उभं करायचं नाही, तुमच्या घरचा अनुभव सांग असंही म्हणायचं नाही. तो आपणहून बोलला तर ऐकायचं.

दुसरा तास पारध्यांवर. गावात चोरी झाली की पालावर पोलीस का जातात, हे पोरं विचारतातच. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा सांगा: जमातच नोंदवायची, हजेरी लावायची, मग बाळ जन्मलं तरी ते संशयितच. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. मग एवढंच विचारा: कायदा गेला, ‘गुन्हेगार’ हा शब्द आपल्या तोंडातून का गेला नाही? उत्तराची घाई नको.

एखादा पालक येईलच. ‘बाई, पोरांना जात शिकवता का?’ वाद घालू नका. पाठ्यपुस्तकातली उद्देशिका उघडा, मग संविधानाचा अनुच्छेद १५ दाखवा, त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट अशी नावं घेऊन लिहिलंय. माझ्याकडं आलेले गृहस्थ ते दोनदा वाचून ‘विहीर पण?’ म्हणाले आणि चहा न घेता गेले.

शेवटचं काम आठ दिवसांचं: पाण्याची वही. घरात कोणाला कोण पाणी देतं, कोणत्या भांड्यातून, वरून ओततं का हातात देतं, एवढंच लिहायचं. माणसाचं नाव नाही, जात नाही. शेतावर येणाऱ्यांचा वेगळा कप कितीतरी घरांत निघतो, कानतुटका, ओट्याखाली पालथा. एका मुलीनं सहाव्या दिवशी लिहिलं होतं: ‘आजीनं कप बदल्ला नाही. आज मी त्यातच चहा पिले. आजी ओरडली.’

या वहीला गुण नाहीत. लाल पेन लावू नका, ‘बदल्ला’सुद्धा तसंच राहू द्या.