वर्डप्रेसवर कोणाला कोणतं बटण दिसावं? दिवाळी अंकाच्या चमूसाठी भूमिका ठरवण्याची रीत

ऑनलाइन दिवाळी अंक, मंडळाचं संकेतस्थळ किंवा ग्रंथालयाचं वार्तापत्र वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर चालवताना घाईघाईत सगळ्यांनाच ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सर्व हक्क असलेला सदस्य, करून टाकलं जातं. मग फक्त लेख टंकायला आलेल्या स्वयंसेवकालाही थीम (संकेतस्थळाचं रूप) बदलण्याचं, प्लगिन (जोडसुविधा) काढण्याचं, दुसऱ्याचं खातं पुसण्याचं बटण दिसत राहतं. माणूस कितीही जबाबदार असला तरी हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. नको त्या बटणांच्या गर्दीत हवं ते सापडत नाही, आणि चुकून काही दाबलं गेलं तर बोल त्याला लागतो. खालची रीत स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) बसवलेल्या वर्डप्रेससाठी आहे.

आधी कागदावर कामं लिहा

संगणक उघडण्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे तो प्रत्यक्ष काय करणार तेवढंच लिहा: मजकूर टंकणं, चित्रं चढवणं, मुद्रितशोधन, प्रसिद्ध करणं, प्रतिक्रिया मंजूर करणं. पद लिहू नका. मंडळाच्या अध्यक्षांना मान म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर करण्याची पद्धत सर्रास दिसते. पण अध्यक्ष जर फक्त मनोगत लिहून पाठवणार असतील, तर त्यांना या हक्काचा काही उपयोग नाही, आणि त्यांचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर अख्खं संकेतस्थळ जातं. त्यांचा मान श्रेयनामावलीत राखता येतो. ॲडमिनिस्ट्रेटर दोघंच ठेवा: एक रोजचा, दुसरा अडीनडीला.

तयार भूमिकांपैकी निवडा

वर्डप्रेसमध्ये सबस्क्रायबर, कॉन्ट्रिब्युटर, ऑथर, एडिटर आणि ॲडमिनिस्ट्रेटर अशा पाच भूमिका, म्हणजे हक्कांचे ठरलेले संच, तयारच मिळतात. सबस्क्रायबरला स्वतःच्या प्रोफाइलपलीकडे जवळपास काहीच दिसत नाही. बाहेरच्या लेखकांसाठी कॉन्ट्रिब्युटर उत्तम: तो लेख लिहू शकतो, पण त्याला ‘पब्लिश’च्या जागी ‘सबमिट फॉर रिव्ह्यू’ दिसतं. त्याला चित्रं चढवता येत नाहीत, आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर त्यात बदलही करता येत नाही. हे दोन्ही लेखकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वसुबारसेला ‘फोटो कुठे टाकू?’ असे फोन येत राहतील.

ऑथरला स्वतःचा लेख प्रसिद्ध करता येतो, तसाच प्रसिद्ध झालेला लेख काढूनही टाकता येतो. कोणी रुसून आपली सगळी कथामाला कचऱ्यात टाकली, तर ती तिथे साधारण 30 दिवस राहते आणि मग कायमची जाते. म्हणून ऑथर ही भूमिका चमूतल्या पक्क्या माणसांपुरती ठेवा. एडिटर सर्वांचे लेख, पानं, वर्ग आणि प्रतिक्रिया हाताळतो.

इथे एक अडचण हमखास येते. ऑथर गुगल नकाशाचा किंवा फॉर्मचा आयफ्रेम कोड (दुसऱ्या संकेतस्थळाचा भाग आपल्या पानात दाखवणारा कोड) चिकटवतो, सेव्ह करतो आणि कोड गायब होतो. मग ‘मला ॲडमिन करा’ अशी मागणी येते. ती मान्य करू नका. तसा कच्चा कोड टाकण्याचा हक्क साध्या संकेतस्थळावर फक्त एडिटर आणि ॲडमिनिस्ट्रेटरला असतो, कारण त्याच वाटेने घातक स्क्रिप्टही आत शिरू शकते. तो कोड एडिटरने चिकटवून द्यावा. यूट्यूबच्या चित्रफितीसाठी तर एवढीही गरज नाही. नुसता दुवा वेगळ्या ओळीत टाकला की ती दिसते.

मुद्रितशोधकासाठी नवी भूमिका

आपल्याकडे अंक म्हटला की मुद्रितशोधक आलाच, पण वर्डप्रेसमध्ये अशी भूमिका नाही. एडिटर केलं तर हातात फार जातं, कॉन्ट्रिब्युटर केलं तर दुसऱ्याचा लेख उघडत नाही. ही भूमिका आपण बनवायची.

‘युजर रोल एडिटर’ हे प्लगिन बसवा. युजर्स मेनूतून ते उघडा, ‘ॲड रोल’ दाबा, नाव ‘मुद्रितशोधक’ द्या (आयडी मात्र इंग्रजी अक्षरांत) आणि नक्कल कॉन्ट्रिब्युटरची घ्या. मग ‘एडिट अदर्स पोस्ट्स’ या एकाच हक्कापुढे खूण करून अपडेट करा. आता मुद्रितशोधकाला सर्वांचे अप्रसिद्ध लेख उघडून दुरुस्त करता येतील, पण प्रसिद्ध करता येणार नाहीत आणि दुसऱ्याचे पुसताही येणार नाहीत. प्रसिद्ध झालेल्या लेखातली चूक त्याने एडिटरला कळवायची. हे हक्क डेटाबेसमध्ये साठतात, त्यामुळे पुढे प्लगिन बंद केलं तरी भूमिका तशीच राहते.

लपवणं आणि हक्क काढणं

या लेखातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. थीमच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकून एखादा मेनू डाव्या पट्टीतून नाहीसा करता येतो. पडदा स्वच्छ दिसतो, पण त्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये टंकला तर पान उघडतं. म्हणजे बटण गेलं, हक्क राहिला. हक्क काढला तर बहुतेक ठिकाणी बटण आपोआप जातं आणि पत्ता टंकूनही पान उघडत नाही. म्हणून आधी हक्क ठरवा. गर्दी कमी करण्यासाठी मेनू लपवायचा असेल तर तो नंतर.

त्यांच्या जागी बसून पाहा

प्रत्येक भूमिकेचं एक चाचणी खातं उघडा. दर खात्याला वेगळा ईमेल लागतो. जीमेल असेल तर आपल्याच पत्त्यात @ च्या आधी + आणि एखादा शब्द जोडला की भागतं. इनकॉग्निटो खिडकीत त्या खात्याने शिरून एक लेख लिहा, दुसऱ्याचा उघडून पाहा, आणि सेटिंग्जच्या पानाचा पत्ता मुद्दाम चिकटवा. परवानगी नसल्याचा संदेश आला पाहिजे. चाचणी झाली की ही खाती काढून टाका. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ पानावर नव्या सदस्याची भूमिका सबस्क्रायबरच आहे ना, तेही बघून घ्या.

कोणी चमू सोडला तर

त्याच दिवशी युजर्समध्ये जाऊन त्याची भूमिका ‘नो रोल फॉर धिस साइट’ अशी करा. त्याला आत काही करता येणार नाही, पण लेखांवर त्याचं नाव तसंच राहील. खातं पुसायचंच असेल तर वर्डप्रेस विचारतं: त्याचं सगळं लेखन पुसायचं की दुसऱ्याच्या नावे करायचं? दुसरा पर्याय निवडा, आणि ज्याच्या नावे केलं त्याच्या खात्यात सगळे लेख आले आहेत का ते मोजून पाहा.