पालक शाळेत येत नाहीत? आधी या चुका टाळा

पालकसभा लावली की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात आणि त्यातली निम्मी शाळा व्यवस्थापन समितीचीच असतात. मग शिक्षकखोलीत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "यांना लेकरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही." मला हे मान्य नाही. हीच माणसं पुढे पोराला लातूरला शिकवणीला ठेवायचं म्हणून रान गहाण टाकतात. त्यांना शिक्षणाची ओढ आहे, पण प्राथमिक शाळा आपली वाटत नाही. असं का होतं, ते बहुतेक वेळा शाळेच्या वागण्यातच सापडतं.

सभेची वेळ शाळेच्या सोयीची

ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. अशा दिवसांत सकाळी अकराची सभा म्हणजे रोजानं जाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ती येत नाही यात नवल काय? सभा संध्याकाळी घ्या, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, आणि शाळेतच हवी असंही नाही. मारुतीच्या पारावर घ्या, तांड्यावर घ्या, वस्तीवर घ्या. तालुक्याहून अप-डाऊन करणाऱ्या गुरुजींना हे जड जातं, याची मला जाणीव आहे. म्हणून दर महिन्याचा हट्ट धरू नका. वर्षातून चार सभा घ्या, पण त्या लोकांच्या वेळेला.

निरोप आला म्हणजे तक्रारच

"उद्या बापाला घेऊन ये" हे शाळेकडून आलेलं पहिलंच वाक्य असेल, तर त्या घराशी नातं जुळायचं कसं? जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक घरी मुलाबद्दल एक चांगली गोष्ट कळवा, आणि तीही नेमकी. "पोरगं हुशार आहे" एवढ्यावर भागवू नका. "काल तिनं लहान भावाला पाढे म्हणून दाखवले" असं सांगा. पुढे कधी अवघड बोलायची वेळ आली, तर माणसं ऐकून घेतात.

ऊसतोडीला गेलेलं घर 'अनियमित' म्हणून सोडून देणं

बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूला ही चूक सगळ्यात महाग पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. सहा महिने हजेरीपटावर रेघ ओढली जाते. मूल परत आलं की "आला का फिरून?" असं विचारून त्याला मागच्या ओळीत बसवतात. त्या एका वाक्यानं मूलही तुटतं आणि घरही.

तयारी नवरात्रातच करा. कोण जाणार, कोण राहणार, हे वस्तीवर जाऊन विचारा. मूल राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची माहिती द्या. जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेताना अडचण येणार नाही. सोबत पुस्तकं द्या आणि उसाच्या फडावर लागेल असा फोन नंबर लिहून ठेवा.

मागे राहिलेल्या लेकरांची आजी हीच त्या सहा महिन्यांची पालक. तिला सभेला नावानं बोलवा, पुढे बसवा. तिला वाचता येत नसेल, तर व्हॉट्सॲपवर टाकलेली लांबलचक सूचना तिच्या काय कामाची? आवाजात निरोप पाठवा. उलट बाजूनंही हे जमतं. मूल धडा वाचत असताना त्याचा आवाज रेकॉर्ड करा आणि फडावरच्या आईबापाला पाठवा. दिवसभर मोळ्या वाहून थकलेल्या आईला रात्री खोपीत लेकराचं वाचन ऐकायला मिळालं, तर ती शाळा तिला परकी राहत नाही.

मातांचा मेळावा म्हणजे हळदीकुंकू

संक्रांतीला हौसेनं होतं, पण यात कोण बाहेर राहतं ते पाहा. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांनी किती घरं उघडी पडली! त्या घरांतल्या विधवा बायांना हळदीकुंकवाचं बोलावणं म्हणजे जखमेवर बोट. मुस्लिम आयाही बाजूला पडतात. सण गावात होतोच, शाळेनं सगळ्यांना येता येईल असं काही करावं. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं गाव शेतात जेवतं. तसा एखादा दिवस शाळेच्या आवारात ठेवा. ज्याला जे जमेल ते त्यानं आणावं आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसावं.

घरच्या बोलीला हसणं

बंजारा तांड्यावरचं मूल आईला याडी म्हणतं. देगलूर-बिलोलीकडे काही घरांत तेलुगू, तर उमरग्याकडे कन्नड बोलतात. गुरुजींनी त्या बोलीतले दहा शब्द शिकले आणि एखाद्या आजीला वर्गात गोष्ट सांगायला बसवलं, तर त्या घराचा शाळेतला संकोच मोडतो. खर्च शून्य.

समिती फक्त सह्यांपुरती

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला ठरवून दिल्या आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी जातं, सह्या होतात आणि बाईच्या जागी नवरा बोलतो. महिला सदस्यांना आधी वेगळं भेटा, विषय समजावून सांगा आणि सभेत पहिलं बोलणं त्यांचं ठेवा. लोकसहभाग म्हणजे नुसती वर्गणी असंही धरू नका. गवंडी भिंत नीट करील, सुतार बाक दुरुस्त करील. पैसे घेतलेच, तर कुठे किती खर्च झाला ते दर्शनी फळ्यावर खडूनं लिहा आणि पुढच्या सभेपर्यंत पुसू नका.