काळ्या मातीतली परसबाग: आधी वाफसा, मग फावडं

सांगलीत बंगला बांधून झाला की पहिल्याच पावसाळ्यात दोन गुलाब, एक कढीपत्ता आणि एक लिंबू लावायचं, हे ठरलेलं असतं. दिवाळीपर्यंत लिंबाची पानं पिवळी पडतात आणि गुलाब लावला तेवढाच राहतो. मग कुणी युरिया टाकायला सांगतं, कुणी वाळू मिसळायला. आम्ही वाळू मिसळली. बांधकामातून उरलेल्या दहा-बारा पाट्या गेटजवळच्या वाफ्यात ओतल्या, पाणी सोडलं, आणि उन्हाळ्यात तिथं जे तयार झालं ते फोडायला पहार लागली. चिकण माती वाळूच्या कणांमधल्या फटीत जाऊन बसते आणि सगळं मिळून घट्ट होतं. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त वाळू हवी, आणि तेवढी वाळू आणण्यापेक्षा शेणखताची ट्रॉली स्वस्त पडते.

ही चूक माती न बघता औषध दिल्याची होती. म्हणून आधी माती ओळखायची.

खड्डा खणा

बागेत दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या. नव्या प्लॉटवर बऱ्याचदा वरच्या चार इंचांत विकत आणलेली माती निघते आणि खाली बांधकामाचा राडारोडा. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि चुन्याची भुकटी हातानं वेचून काढा. सिमेंट आणि चुन्यानं मातीचा सामू (पीएच) वाढतो, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू आधीच साडेसात-आठच्या पुढे असतो. खाली पायाखोदाईचा मुरूम पसरलेला असेल तर तिथं झाड लावण्याआधी मोठा खड्डा करून माती बदलण्यावाचून इलाज नाही.

माती मूठभर ओली करून मळा आणि अंगठा व तर्जनीत दाबत पट्टी काढा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माती भारी, चिकण. इंचभरात तुटली तर मध्यम. पट्टी निघतच नसेल तर हलकी. नदीकाठच्या काळ्या मातीची पट्टी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेसारखी निघते.

पाणी किती वेगानं उतरतं ते मोजा

एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या. हे पाणी मोजायचं नाही, कारण काळ्या मातीला भेगा असतात आणि पहिलं पाणी त्या भेगांतून धावत खाली जातं. ओली झाली की माती फुगते, भेगा मिटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी परत भरा, आत पट्टी उभी करा आणि तासाभरानं बघा. तासाला १ ते ३ इंच उतरलं तर निचरा ठीक. अर्ध्या इंचाहून कमी असेल तर झाडाची मुळं गुदमरतात, कारण मातीच्या पोकळीत हवेच्या जागी पाणीच बसून राहतं. खाली मुरूम असेल तर ४ इंचांहून जास्त उतरतं; तिथं पाणी थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं.

निचरा कमी निघाला तर खोदकाम वाढवू नका, वाफा उचला. जमिनीपासून सहा ते नऊ इंच उंच आणि तीन फूट रुंद गादीवाफा केला की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. भारी मातीवर ओल असताना एकदा पाय पडला की ती जागा वर्षभर दबलेली राहते.

खारटपणा तपासा

हे सांगलीकरांनी सोडू नये. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला पिढ्यान्पिढ्या पाटपाणी देऊन बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या. अशा शेताचे प्लॉट पडले तरी क्षार तिथंच असतात, वर आपण बोअरचं जड पाणी घालतो. उन्हाळ्यात मातीवर मिठासारखी पांढरी खपली दिसली तर समजा.

घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं तर ठीक. पण दोन-तीन तासांत त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला तर मातीत सोडियम जास्त, म्हणजे ती चोपणाकडे झुकलेली. अशा मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ओली झाली की चिखल, वाळली की दगड.

चोपण मातीला जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावतं, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर गेला तरच उपयोग. चर काढल्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नुसती खारवट माती असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरज नाही. चर काढा आणि पावसाचं पाणी वाफ्यात मुरू द्या. बोअरपेक्षा छपरावरचं पाणी बागेकडे वळवलं तर दोन पावसाळ्यांत फरक दिसतो.

जिप्सम किती, हे अंदाजानं ठरवू नका. माती परीक्षण करा. बागेत पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा सहा-आठ इंच खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडा. सगळी एकत्र मिसळून ढीग करा, त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत द्या. खत टाकल्यावर लगेच किंवा खताच्या ढिगाजवळून नमुना घेतला तर अहवाल फुकट जातो. अहवालात आधी तीन आकडे बघा: सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन. कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी, ०.७५ च्या वर चांगला. आमचा पहिल्या वर्षी ०.३४ आला होता.

वाफसा

आमच्या आजोबांचं शेत वाळवा तालुक्यात. पावसानंतर ते बांधावर उभे राहून म्हणायचे, "अजून वाफसा नाही, औत धरू नका." हा शब्द बागेतही तेवढाच लागू आहे. ओल आहे पण चिखल नाही, पाणी आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. काळी माती या वेळी हाताळली तर रवाळ राहते. आधी हाताळली तर ढेकळं होतात, उशीर केला तर फावडं उडून येतं.

ओळखायचं असं: मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. चपटा होऊन तसाच पडला तर थांबा. फुटून रवा झाला तर आजच काम करा. लाडूच वळत नसेल तर हलकं पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी परत बघा. काळ्या मातीत हे दिवस मोजकेच मिळतात, म्हणून खत, खोरं, रोपं आधीच तयार ठेवा.

खत किती आणि कुठलं

शंभर चौरस फूट वाफ्यावर कुजलेल्या शेणखताचा दोन इंच थर द्या. हिशेब केला तर साधारण सतरा घनफूट, म्हणजे पस्तीस-चाळीस घमेली. ऐकायला जास्त वाटतं, पण पहिल्या वर्षी एवढं लागतं. वरच्या पाच-सहा इंचांत मिसळा, खालची माती वर आणू नका. पुढच्या वर्षांपासून निम्मं पुरतं.

खत कुजलेलं आहे ना, हे पाट्या उतरवून घेण्याआधी बघा. आत हात घातला तर गरम लागू नये, शेणाचा वास येऊ नये, काड्या बोटात चुरडल्या जाव्यात. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. पांढरी, इंग्रजी सीसारखी वाकलेली अळी दिसली की ढीग उन्हात पसरा. कोंबड्या, मैना बाकीचं काम करतात.

वर उसाचं पाचट तीन इंच अंथरा. आपल्याकडे ते फुकट मिळतं आणि लोक पेटवून देतात, हे मला अजून पटलेलं नाही. पाचट मातीत मात्र गाडू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र (नायट्रोजन) वापरून टाकतात आणि रोपं पिवळी पडतात. वरच ठेवलं की खालून हळूहळू गांडुळं ते ओढून नेतात.

आणि ते पिवळं लिंबू

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. वाळलेल्या मातीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर चुनखडी आहे. अशा मातीत अंड्याची टरफलं आणि चुलीची राख घालू नका, दोन्ही सामू वाढवतात. चमचाभर हिराकस (फेरस सल्फेट) दोन घमेली शेणखतात मिसळा, आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग झाडाभोवती द्या. नुसतं हिराकस चुनखडीच्या मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं.

साताऱ्याच्या पश्चिमेला मात्र उलटं आहे. आमच्या वन्सं मेढ्याला राहतात. तिथं मुसळधार पावसानं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं आणि जांभ्याची लाल माती आम्लधर्मी होते. तिथं थोडी राख चालते, चुनाही परीक्षणानंतर टाकता येतो. वन्सं राख घालून टोमॅटो काढतात, म्हणून मीही इथं घातली होती आणि मिरचीच्या रोपांची पानं पांढुरकी झाली. साताऱ्याच्या पूर्वेला माण-खटावात मुरमाड जमीन आणि पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथं निचऱ्याची काळजी नाही, खत आणि आच्छादनानं ओल धरून ठेवण्यातच सगळी मेहनत.

तिसऱ्या पावसाळ्यात आमचा कर्ब ०.६१ झाला. गेटजवळच्या वाळूच्या वाफ्याला मात्र काहीच मानवलं नाही. शेवटी तिथं अळू लावलं. साचलेलं पाणी त्याला चालतं, आणि श्रावणात शेजारच्या तीन घरांत अळूवड्या आमच्या पानांच्या असतात.